संग्राहकाच्या पश्चात संग्रह

म्हैसूर शहरात ज्युबिली इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी एक जुनी, देखणी वास्तू आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे स्मारक म्हणून ती उभारण्यात आली. म्हैसूर संस्थानाने १८९१ साली स्थापन केलेले प्राच्य ग्रंथालय या वास्तूत नांदले. आज ते म्हैसूर विद्यापीठाची प्राच्य संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने आपल्याजवळची ताडपत्रांची एक पोथी या ग्रंथालयाच्या स्वाधीन केली. सोबत एका त्रुटित टीकेची काही पाने होती. ग्रंथालयाचे ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती पोथी उलगडून वाचावयास घेतली, आणि जो ग्रंथ कित्येक शतके केवळ इतरांच्या उल्लेखांतून माहीत होता, तो कौटिल्याचा ‘अर्थशास्त्र’ हा ग्रंथ जगासमोर आला. १९०५ सालापासून त्यातील भागांचे अनुवाद प्रसिद्ध होऊ लागले, १९०९ साली मूळ संस्कृत संहिता छापली गेली आणि १९१५ साली संपूर्ण इंग्रजी भाषांतर निघाले. पुढे मुंबई विद्यापीठाने प्रा. र. पं. कंगले यांच्याकरवी १९६० ते १९६५ या काळात या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तीन भागांत प्रसिद्ध केली.

या प्रसंगाकडे विद्वान मंडळी अभ्यासाच्या दृष्टीने पाहतात. परंतु घरात काही जपून ठेवलेल्या सामान्य माणसाने तो निराळ्या दृष्टीने पाहावा. त्या पंडिताने दोन गोष्टी केल्या. पोथीचे पुढे काय व्हावे हे त्याने स्वतः, हयातीत ठरविले. आणि ती वाचू शकेल अशा माणसाच्या हाती ती जाईल असे ठिकाण निवडले. पोथी घरातच राहिली असती तर तिचे काय झाले असते, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. वाचणारे कोणी उरले नाही की जुन्या पोथ्या माळ्यावर जात, वाळवीच्या तोंडी पडत, किंवा पुढची पिढी त्या भक्तिभावाने नदीत सोडून देई. नाश करणारा प्रत्येक वेळी बेपर्वाच असतो असे नाही.

सूची गेली की संग्रह मुका होतो

प्रत्येकाच्या घरी अर्थशास्त्राची पोथी नसते, हे खरेच. पण टपाल तिकिटांचे अल्बम, जुनी नाणी व नोटा, ध्वनिमुद्रिकांच्या तबकड्या, घड्याळे, कॅमेरे, दिवे, अडकित्ते, दिवाळी अंकांचे जुने संच, काडेपेट्यांवरील चित्रे यांतील काही ना काही अनेक घरांत असते. चाळीस-पन्नास वर्षांचा पगार, सुट्या आणि प्रवास त्यात गेलेला असतो. घरच्यांनी त्याकडे कधी कौतुकाने, कधी वैतागाने पाहिलेले असते. घरातील एका खोलीवर किंवा निदान एका कपाटावर त्याचा हक्क असतो.

अशा संग्रहाचे एक वैशिष्ट्य असे की, त्याची सूची बहुधा संग्राहकाच्या डोक्यात असते. कोणते नाणे खरे आणि कोणते नक्कल, कोणती तबकडी दुसऱ्यांदा मिळणार नाही, कोणते पुस्तक कोणाकडून उसने आणलेले आहे आणि परत करावयाचे आहे, हे त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नसते. माणूस जातो तेव्हा सर्वांत आधी ही सूची जाते. मागे उरतात त्या वस्तू, आणि त्या बोलत नाहीत.

टपाल तिकिटांचे एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनी, महात्मा गांधींच्या स्मरणार्थ तिकिटे निघाली. त्यांतील दहा रुपयांचे तिकीट संग्राहकांच्या आवडीचे आहे. याच तिकिटाच्या अगदी मोजक्या प्रतींवर सरकारी वापरासाठी ‘सर्व्हिस’ हा एकच शब्द वरून छापण्यात आला होता. अशा चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली लंडनच्या एका प्रसिद्ध व्यापारी पेढीने पाच लाख पौंडांना विकली. चित्र तेच, रंग तोच, किंमतही वर छापलेली तीच. फरक एका शब्दाचा. वडिलांच्या पश्चात अल्बम उघडणाऱ्या मुलाला हा शब्द दिसेल, परंतु त्याचा अर्थ त्याला कोण सांगणार? उलट बाजूही तितकीच खरी आहे. बहुतेक अल्बमांत असे काहीही नसते, आणि आपल्याकडे मोठे घबाड आहे या समजुतीने भावंडांमध्ये वर्षानुवर्षे अबोला धरला जातो. दोन्ही बाजूंचे नुकसान एका साध्या वहीने टळले असते.

मोठ्या नावालाही यातून सूट नाही. म्हैसूरमध्येच यादवगिरी भागात आर. के. नारायण यांचे घर आहे. त्यांचे निधन २००१ साली झाले. २०११ साली ते घर बांधकाम व्यावसायिकाकडे जाऊन पाडले जाऊ लागले, तेव्हा शहरातील नागरिकांनी आणि वृत्तपत्रांनी आवाज उठविला. प्रशासनाने हस्तक्षेप केला आणि दुरुस्तीनंतर २०१६ साली तेथे संग्रहालय सुरू झाले. जगप्रसिद्ध लेखकाच्या वास्तूसाठी शहर धावून आले. बँकेतून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेल्या नाणेसंग्राहकाच्या कपाटासाठी कोणी मोर्चा काढणार नाही. त्याची तजवीज त्याची त्यालाच करावी लागते.

तंजावरचे मराठी दप्तर

अर्थशास्त्राची पोथी ज्या तंजावर भागातून म्हैसूरला आली, तेथेच मराठी माणसाच्या संग्रहवृत्तीचे सर्वांत मोठे स्मारक आहे. भोसले घराण्यातील सरफोजी राजे (दुसरे) यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले. राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेलेला होता. राजांनी आपले लक्ष ग्रंथांकडे, वैद्यकाकडे आणि संगीताकडे वळविले. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांच्या जोडीला त्यांनी युरोपीय भाषांतील हजारो छापील पुस्तके मागविली, आणि त्यांतील अनेकांवर आजही त्यांची स्वाक्षरी आहे. मराठी हस्तलिखितांचीच संख्या तीन हजारांवर आहे. मोडी लिपीतील कागदपत्रांचे गठ्ठे वेगळे.

या संग्रहाचे भाग्य मात्र काही काळ टांगणीला लागले होते. सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे १८५५ साली निधन पावले. त्यांना पुत्र नव्हता. संस्थान खालसा झाले. राजघराण्याच्या मालमत्तेवर वाद झाले आणि ग्रंथालय वाड्यात तसेच राहिले. ते शाबूत उरले याचे बरेचसे श्रेय सूचीला द्यावे लागेल. ए. सी. बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने तेथील संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची तयार केली, ती १८८० साली छापली गेली. कोणत्या पोथ्या आहेत हे जगाला एकदा छापील रूपात कळल्यावर त्या गुपचूप नाहीशा होणे अवघड होते. अखेर राजघराण्यातील मंडळींच्या संमतीने १९१८ साली हे ग्रंथालय सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेखाली आले.

यानंतर जे घडले ते या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. ग्रंथालयाला स्थिर व्यवस्था मिळाल्यावर तंजावरातील खासगी घराण्यांनीही आपापले ग्रंथसंग्रह तेथे आणून दिले. जांबुनाथभट्ट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत ही त्यांतील नावे आजही त्या संग्रहांना जोडलेली आहेत. कावेरीच्या काठी स्थिरावलेल्या या मराठी कुटुंबांनी पोथ्या दिल्या, पण नावासकट दिल्या. जागा निवडताना त्यांनी राजाचे नाव पाहिले नसावे. तेथे सूची आहे, कपाटे आहेत आणि पोथी मागणारा वाचक आहे, हे पाहिले असावे.

पुण्याचा चष्मेविक्रेता

राजाचे सोडून मध्यमवर्गीयाकडे यावे तर पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांइतके (१८९६–१९९०) बोधप्रद उदाहरण दुसरे नाही. पेशाने चष्म्यांचे दुकानदार, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारे आणि सुमारे १९२० पासून जुन्या वस्तूंच्या मागे लागलेले हे गृहस्थ. दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, वाद्ये, दरवाजे, स्वयंपाकघरातील भांडी – म्हणजे ज्या वस्तूंना त्या काळी कोणी कलावस्तू मानत नव्हते, त्याच त्यांनी गावोगाव फिरून जमविल्या. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. एकुलता मुलगा राजा लहानपणीच गेला. १९६२ साली स्थापन झालेल्या संग्रहालयाला त्याचेच नाव आहे. त्या वेळेपर्यंत वस्तूंची संख्या १५ हजारांच्या घरात गेली होती.

केळकरांनी १९७५ साली हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाला दिला. तेव्हा त्यांचे वय ७९ होते. त्यानंतर ते १५ वर्षे जगले, आणि दिलेल्या वस्तूंमध्येच वावरले. मृत्युपत्राने दिलेला संग्रह आणि हयातीत दिलेला संग्रह यांत येथेच मोठा फरक पडतो. हयातीत देणाऱ्याला वस्तूची ओळख स्वतः करून देता येते: हा दिवा कोणत्या गावचा, त्यात वात कोठे बसते, तो देवघरातला की माजघरातला. भारतातील दिव्यांवर केळकरांनी १९६१ साली पुस्तकच लिहिले होते. संग्रहालयात आज २० हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांपैकी सुमारे अडीच हजार मांडलेल्या आहेत. हे प्रमाण ऐकून काहींना वाईट वाटते. आपली वस्तू कोठारात पडून राहणार, ही कल्पना संग्राहकाला सोसवत नाही. परंतु संग्रहालयाच्या कोठारात क्रमांक लावून ठेवलेली वस्तू आणि घराच्या माळ्यावर पोत्यात पडलेली वस्तू यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

मृत्युपत्राचा मार्ग कमी दर्जाचा मात्र मानू नये. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, सर रतन टाटा यांचा कलासंग्रह त्यांच्या १९१८ सालच्या निधनानंतर १९२१ साली मिळाला. सर दोराबजींचा १९३३ साली. तेथे देणाऱ्याची इच्छा स्पष्ट होती, घेणारी संस्था तयार होती आणि मागे विश्वस्तांची व्यवस्था होती. सामान्य घरात यांपैकी तिसरी गोष्ट नसते, म्हणून पहिल्या दोन अधिक पक्क्या असाव्या लागतात.

पोत्यांतली पुस्तके

म्हैसूरपासून जवळच, मंड्या जिल्ह्यातील पांडवपूरलगत हरलहळ्ळी येथे अंके गौडा यांचे ‘पुस्तक मने’, म्हणजे पुस्तकांचे घर, आहे. बस वाहकाची नोकरी, नंतर साखर कारखान्यातील सुमारे ३० वर्षांची नोकरी, आणि पगाराचा मोठा भाग पुस्तकांवर, असा त्यांचा जीवनक्रम. पुस्तकांसाठी त्यांनी म्हैसूरमधील आपली मिळकतही विकली. तेथील पुस्तकांची संख्या २० लाखांच्या आसपास सांगितली जाते, वाचकाकडून शुल्क घेतले जात नाही, आणि २०२६ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

या माणसाच्या निष्ठेपुढे कोणीही नतमस्तक व्हावे. तरी त्या ग्रंथघरात जाऊन आलेले लोक एक गोष्ट आवर्जून सांगतात: पुस्तके येण्याचा वेग मांडण्याच्या वेगापेक्षा किती तरी मोठा आहे, बरीचशी अजून पोत्यांतून बाहेरही आलेली नाहीत. हवे ते पुस्तक कोठे आहे, हे सांगणारी माणसे म्हणजे स्वतः अंके गौडा आणि त्यांचे कुटुंबीय. त्यांनी आपल्या कार्यासाठी प्रतिष्ठान स्थापिले आहे, हे फार मोठे पाऊल होय. व्यक्ती गेली तरी प्रतिष्ठान राहते. उरले आहे ते सूचीचे काम. वीस लाख पुस्तकांची सूची एका कुटुंबाच्या आवाक्यातली नव्हे. तेथे विद्यापीठाने आणि शासनाने हात द्यावा, आणि तो लवकर द्यावा.

वाचकाच्या कपाटात दोनशे पुस्तके असतील. त्यांची सूची करण्यास दोन रविवार पुरतात.

वही कशी असावी

सूची म्हणजे फार शास्त्रीय काही असावे लागत नाही. साध्या लांब वहीत किंवा संगणकावर, प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा. वस्तूचे थोडक्यात वर्णन, ती कोणाकडून, कधी व किती किमतीला घेतली, तिची आजची अवस्था आणि ती घरात नेमकी कोठे ठेवली आहे, एवढे लिहावे. छायाचित्र काढून तोच क्रमांक त्याला द्यावा. पावती असल्यास ती जोडावी. दुसऱ्याची वस्तू असेल तर तसे ठळकपणे लिहावे. शेवटी दोन-तीन विश्वासू व जाणकार व्यक्तींची नावे नोंदवावीत, ज्यांना वारसांनी विचारावे. त्यांत खरेदीत रस असलेला व्यापारी एकटा नसावा, हे सांगणे नलगे. ही वही कोठे आहे हे घरातील किमान दोघांना माहीत असावे. संगणकावर असल्यास तिचा पासवर्डही.

यानंतरचा टप्पा अधिक अवघड आहे, तो म्हणजे घरच्यांशी बोलणे. आपल्याकडे मरणोत्तर व्यवस्थेचा विषय काढणे अशुभ मानले जाते; “असे अभद्र का बोलता?” म्हणून तो बंद केला जातो. शिवाय संग्राहकाच्या मनात एक गाठ असते. आपल्या मुलांना यात रस नाही, हे त्याला कळलेले असते, पण ते त्यांच्या तोंडून ऐकण्याची त्याची तयारी नसते. तरीही विचारावे. “तुम्हांला यातले काय ठेवावेसे वाटते?” या प्रश्नाला बहुधा अनपेक्षित उत्तर मिळते. मुलीला सबंध संग्रह नको असतो. तिला लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून लावलेल्या एका पानावरील तिकिटे हवी असतात. ती तिला आजच द्यावीत आणि वहीत तशी नोंद करावी. उरलेल्याबद्दल मग मोकळेपणाने निर्णय घेता येतो: विकावयाचा, वाटावयाचा की एखाद्या संस्थेला द्यावयाचा. विकणे यात कमीपणा काहीच नाही. एका संग्राहकाने विकलेली वस्तू दुसऱ्या संग्राहकाच्या अल्बममध्ये जाते. तो संसारच असा चालतो.

संस्थेला द्यावयाचे तर आधी संस्थेला विचारावे. वस्तुसंग्रहालये आणि ग्रंथालये मिळेल ते घेत नाहीत. त्यांच्यापाशी जागा थोडी असते, आणि दहा प्रती असलेल्या पुस्तकाची अकरावी प्रत त्यांना भार होते. म्हणून संग्रहाचा विषय पाहून ठिकाण शोधावे. नाण्यांसाठी नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. जुन्या कागदपत्रांसाठी पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ. पोथ्यांसाठी पुण्याची भांडारकर संस्था (१९१७) किंवा म्हैसूरची प्राच्य संशोधन संस्था. तबकड्यांसाठी मुंबईतील ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संघटना. रेल्वेशी संबंधित वस्तूंसाठी म्हैसूरचेच रेल्वे संग्रहालय, जे १९७९ साली सुरू झाले. गावातील शाळेलाही संग्रह देता येतो. पण तेथे आवड असलेला शिक्षक बदलून गेला की कपाटाला कुलूप लागते, हा अनुभव नवा नाही.

कायद्याच्या चौकटीत

जंगम वस्तूंचे दान प्रत्यक्ष ताबा देऊन किंवा नोंदणीकृत बक्षीसपत्राने करता येते. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार दान स्वीकारले जाणे आवश्यक असते, आणि ते दात्याच्या हयातीत स्वीकारले जावे लागते. तेव्हा संस्थेचे लेखी संमतिपत्र घेतल्याखेरीज निश्चिंत राहू नये.

मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते. त्यास मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही ऐच्छिक आहे, तथापि नोंदणी केल्यास पुढील वाद कमी होतात. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार वारसांच्या संमतीविना मृत्युपत्राने एक-तृतीयांशापर्यंतच देता येते. “माझा सर्व संग्रह अमुक संस्थेला” एवढेच वाक्य पुरेसे नाही. वहीचा दिनांक व पानांची संख्या नमूद करून ती मृत्युपत्रास जोडावी, संस्थेने नकार दिल्यास दुसरे नाव द्यावे, आणि अंमलबजावणीसाठी वयाने लहान व समजूतदार अशी व्यवस्थापक व्यक्ती नेमावी. संग्राहकांचे मित्र बहुधा संग्राहकाच्याच वयाचे असतात, हे ध्यानात असू द्यावे.

शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांना, चित्रांना व तत्सम वस्तूंना पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ लागू होतो; हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. नोंदणी आवश्यक असलेल्या वस्तूंची नोंद भारतीय पुरातत्त्व विभागाच्या अधिकाऱ्याकडे असावी लागते, आणि त्या दुसऱ्याच्या ताब्यात गेल्या की तसे कळवावे लागते. अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. आजीची शंभर वर्षांपूर्वीची पितळी मूर्ती अमेरिकेतील नातवाला सामानात घालून देण्याचा बेत अनेक घरांत शिजतो; तो तेथेच थांबविलेला बरा.

म्हैसूरच्या शिसवी लाकडावरील जडावकामाबाबत तर आणखी सावधपणा हवा. जुन्या पेट्यांत व चौरंगांत हस्तिदंताचे तुकडे बसवीत. आता कारागीर त्याऐवजी प्लॅस्टिक वापरतात. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कंपनीने पेंढा भरून दिलेली वाघ-बिबट्यांची मुंडकीही महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांतून दिसत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अशा वस्तू विकता येत नाहीत. वारसाहक्काने त्या आल्यास ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे घोषित करावे लागते. दुःखाचे दिवस सरेपर्यंत ही मुदत कधी निघून जाते ते वारसांना कळतही नाही. म्हणून मूळ मालकी प्रमाणपत्र आणि या मुदतीची चिठ्ठी वहीतच ठेवावी.

वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने मिळालेल्या वस्तूंवर घेणाऱ्यास प्राप्तिकर द्यावा लागत नाही. पुढे चित्रे, शिल्पे किंवा कलाकृती विकल्यास मात्र भांडवली नफ्याचा प्रश्न येतो, आणि तेथे मूळ संग्राहकाने दिलेली किंमत हिशेबात धरली जाते. जुन्या पावत्या टाकून न देण्याचे हे आणखी एक कारण.

लॉकर आणि संग्रह

मौल्यवान नाणी व तिकिटे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याचा प्रघात आहे. तो योग्यच, पण त्याविषयी दोन गैरसमज आढळतात. आत काय आहे याची यादी बँकेकडे नसते, आणि ती असूही नये. आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्यांची अफरातफर यांमुळे नुकसान झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या २०२१ सालच्या निर्देशांनुसार बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. संग्रहाचे मोल त्याहून अधिक असेल तर स्वतंत्र विमा घ्यावा. विमा कंपनीही प्रथम वहीच मागते.

दुसरा गैरसमज नामनिर्देशनाविषयीचा. लॉकरसाठी नामनिर्देशित केलेली व्यक्ती वस्तू ताब्यात घेऊ शकते. ती त्या वस्तूंची मालक होते असे नव्हे. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. १ नोव्हेंबर २०२५ पासून लॉकरला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, मात्र ते एकामागून एक अशा क्रमाने लागू होते. खातेदाराच्या निधनानंतर साक्षीदारांसमक्ष लॉकरमधील वस्तूंची यादी केली जाते, आणि कागदपत्रे पूर्ण असल्यास १५ दिवसांत दाव्याचा निकाल लावणे अपेक्षित आहे. त्या यादीत बँकेचा अधिकारी “तिकिटांचा अल्बम – १” एवढेच लिहू शकतो. त्यातील तिसऱ्या पानावर काय आहे, हे लिहिणे त्याचे काम नाही. लॉकरचे भाडे भरावयास येताना वर्षातून एकदा आपली वही ताडून पाहावी, आणि तिची एक प्रत लॉकरबाहेर घरी ठेवावी. आतच ठेवलेली प्रत ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

आता एवढ्या तजविजीनंतर संस्थेने संग्रह स्वीकारला, तर तिच्याकडून दाखल नोंदवहीतील क्रमांकासह पावती घ्यावी, आणि “अमुक यांच्या संग्रहातून” ही नोंद वस्तूबरोबर राहील असे लेखी मागून घ्यावे. लांडगे आणि कागलकर यांची नावे तंजावरला आजही सापडतात. म्हैसूरला अर्थशास्त्राची पोथी आणून देणाऱ्याचा उल्लेख मात्र शामशास्त्रींच्या ग्रंथात तंजावर जिल्ह्यातील एक पंडित, एवढाच आहे.